अर्जदार स्वतः हजर

विश्रांतवाडी, पुणे
१२ जुलै २०२५

प्रिय दादास,

सप्रेम जय भीम. आम्ही तिघं बरी आहोत. तुम्ही दोघंही बरे आहात हे सलोनीवहिनीच्या स्टेटसवरून दिसतं, त्यामुळे तो प्रश्न विचारत नाही.

पत्र अशासाठी, की फोनवर ‘पप्पा’ हा शब्द आला की तुझ्याकडचं नेटवर्क जातं. दर वेळी. मी मोजमापाच्या धंद्यात आहे, योगायोग एकदाच मान्य करते. पत्र तू फाडू शकतोस, पण मध्येच कापू शकत नाहीस.

आधी बातम्या. एप्रिलमध्ये पप्पा बासष्टचे झाले आणि उच्च न्यायालयातून निवृत्त झाले, हे तुला पेपरात दिसलं असेल. निरोपाच्या कार्यक्रमात सगळ्यांनी त्यांच्या शिस्तीचं कौतुक केलं. आठ वर्षांत एकही निकाल राखून ठेवून विसरले नाहीत, कुणाकडे जेवायला गेले नाहीत, कुणाची आंब्याची पेटी घेतली नाही. पहिल्या रांगेतून आई मला म्हणाली, “माझ्या सख्ख्या भावाची पेटीसुद्धा परत पाठवली, तेही सांगा म्हणावं.” मुंबईचं सरकारी घर सोडलं, सामान इकडे आलं, आणि पप्पाही आले. कायमचे. याची सवय आम्हा दोघींना नव्हती. शनिवार-रविवारचा माणूस सोमवारीही घरात असतो, हे पचायला वेळ लागतो.

त्यांनाही लागतो आहे. बँकेत गेलो तर काचेच्या दारासमोर नुसते उभे राहिले. आठ वर्षं पुढे चोपदार चालायचा, दारं उघडत जायची. शेवटी वॉचमन म्हणाला, “काका, ढकला.” त्यांनी इतकं मनापासून थँक्यू म्हटलं की तो घाबरला.

मंडईत आईने मेथीचा भाव पाडायला सुरुवात केली, तर हे मध्ये, “त्यांचंही म्हणणं ऐकून घे.” भाजीवालीने डिझेलपासून सुरुवात करून सगळं म्हणणं मांडलं. पप्पांना ते पटलं. आईने पूर्ण भाव दिला आणि घरी आल्यावर त्यांना मंडईबंदी केली. अपील नाही.

सोसायटीत चौथ्या मजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर पाणी गळतं. दोघं मालक मोठ्या आशेने आमच्याकडे आले. पप्पांनी दोघांना पुरेसा वेळ दिला, कागद मागवले, आणि दोन आठवड्यांनंतरची तारीख दिली. खालचे गृहस्थ म्हणाले, “साहेब, गळतंय आत्ता.” मी वर जाऊन बाथरूमचा सांधा पाहिला आणि प्लंबरला फोन केला. पप्पा अजून म्हणतात की मी प्रकरण निकाली काढलं, निर्णय दिला नाही.

हे सगळं हसण्यासारखं आहे आणि आम्ही हसतो. आता पुढचं.

त्यांनी वकिलीची सनद पुन्हा सुरू करून घेतली आहे. शनिवार पेठेतलं ऑफिस उघडून झाडून घेतलं. तुझं टेबल तिथेच आहे, त्यावर कुणी काही ठेवलेलं नाही. काळा कोट ड्रायक्लीनला दिला. आई म्हणाली, “कुठे उभे राहणार आहात घालून?” प्रश्न बरोबर होता. तुला मी कायदा सांगणं हास्यास्पद आहे, पण वाक्य पूर्ण व्हावं म्हणून लिहिते: उच्च न्यायालयाचा कायम न्यायाधीश निवृत्त झाला की तो ज्या न्यायालयात होता तिथे वकिली करू शकत नाही, खालच्या कुठल्याही न्यायालयातही नाही. म्हणजे मुंबई बंद, पुण्यातलं शिवाजीनगर कोर्टही बंद. उरतं सर्वोच्च न्यायालय, किंवा दुसऱ्या राज्याचं उच्च न्यायालय.

दिल्लीचं ऊन सोसणार नाही, असं पप्पा म्हणतात. दुसऱ्या राज्याचं नाव घेत नाहीत. सकाळी साडेदहाला टीव्ही लावून बसतात आणि बेंगळुरूच्या उच्च न्यायालयाचं थेट प्रक्षेपण बघतात. आईला आधी वाटलं, क्रिकेट आहे. कारण अधूनमधून ते टीव्हीला ओरडतात, “अरे, कलम वाचून दाखव ना! पुढचं पान, पुढचं!” एकदा मी डोकावले. पडद्यावर तू होतास. केस मागे गेलेत तुझे.

आठ वर्षांपूर्वी त्यांनी तुला सांगितलं की मी न्यायाधीश असेपर्यंत तू मुंबईत उभं राहायचं नाहीस. नागपूर, औरंगाबाद, गोवा, त्या न्यायालयाच्या कुठल्याच खंडपीठापुढे नाही. तू एका आठवड्यात बेंगळुरूला गेलास. त्यानंतर दोनदा आलास, दोन्ही वेळा ते मुंबईत असताना. तुझ्या लग्नाच्या नोंदणीला ते आले आणि हवेबद्दल बोलून गेले. आता मुंबई तुला मोकळी झाली आणि त्यांना बंद झाली. आईला वाटतं, तू परत यावंस. पप्पांना काय वाटतं ते त्यांनी सांगितलेलं नाही, मी जे पाहिलं ते वर लिहिलं.

तेव्हा विचारते: तुझ्या ऑफिसात एका माणसाची जागा आहे का? अनुभव बराच आहे. दार ढकलता येतं आता.

माझं म्हणशील तर हडपसरची कॅलिब्रेशन लॅब नेहमीसारखी. मी ठीक आहे.

तुझी,
आम्रपाली


विश्रांतवाडी, पुणे
३ ऑगस्ट २०२५

प्रिय दादास,

जय भीम. तुझं उत्तर मोबाइलवर मिळालं. एका सहापानी पत्राला एका ओळीत उत्तर, ‘अर्जदाराने स्वतः हजर राहावे.’ अनिरुद्ध ओव्हाळांचा मुलगा आहेस याबद्दल कुणाला शंका असेल तर ही ओळ दाखवावी.

मी ती पप्पांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, “आदेश योग्य आहे.” मग खोलीत गेले. जेवायला बोलावलं तर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी कळलं की लिहीत होते.

चौदा पानं. परिच्छेदांना आकडे. आधी वस्तुस्थिती, मग मुद्दे, मग विवेचन. आठ वर्षांपूर्वी दिलेल्या स्वतःच्या आदेशाचं त्यांनी पुनर्विलोकन हाती घेतलं होतं. नवव्या पानापर्यंत ते बरोबर ठरत होते. बाराव्या पानावर तो आदेश ‘त्या परिस्थितीत टाळता न येण्यासारखा’ झाला. मी वाचून परत दिलं. मत मागितलं नव्हतं, दिलं नाही.

पण शेवटच्या पानावर निर्णयच नव्हता. जागा कोरी. मी विचारलं, तर म्हणाले, “मी स्वतः पक्षकार आहे. मला हे प्रकरण ऐकता येणार नाही.”

तुला आठवत असेल, ज्या माणसाने पंचवीस वर्षांपूर्वी त्यांना स्कूटर विकली, त्याचंही प्रकरण त्यांनी दुसऱ्या न्यायाधीशाकडे पाठवलं होतं. ते खरंच अडले होते, दादा. थट्टा नव्हती.

आई ओट्याशी गवार मोडत होती. ती म्हणाली, “मग कोण ऐकणार?”

“कुणीतरी तटस्थ.”

“या घरात तटस्थ एकच आहे, आणि तिला मी प्रज्ञेशच्या बाजूने उभी करते. आमू, इकडे ये. ऐकायचं काम माझं.”

“तू त्याची आई आहेस. तुझा हितसंबंध आहे.”

“आहेच. तुमच्याशीही आहे, तेहेतीस वर्षं. बसा.”

ते बसले. पुढचं मी जसं झालं तसं लिहिते, कारण माझा पक्षकार गैरहजर होता आणि त्याला कळण्याचा हक्क आहे.

आईने चौदा पानं चाळली. गणिताचे पेपर तपासायची तशी, एक बोट फिरवत. मग विचारलं, “माफी कुठल्या परिच्छेदात आहे?”

“ती विवेचनातून सूचित होते.”

“सूचित होणाऱ्या माफीचं काय करायचं? लोणचं घालायचं?” आणि मला म्हणाली, “तुझं काय म्हणणं?”

मला वाद घालता येत नाही. लॅबमध्ये आम्ही वाद घालत नाही, उपकरण प्रमाणित वजनाशेजारी ठेवतो आणि फरक वाचतो. मी तेवढंच केलं.

“नियम काय होता, पप्पा?”

“न्यायाधीशाच्या जवळच्या नातेवाइकाने त्या न्यायाधीशासमोर उभं राहू नये.”

“त्या न्यायाधीशासमोर. बाकीच्यांसमोर चालतं?”

“चालतं.”

“तुम्ही दादाला काय सांगितलंत?”

“चारही ठिकाणी नको.”

“हे नियमात आहे?”

“नाही.”

“मग कशात आहे?”

आई गवार मोडत राहिली. मला वाटलं, आता पप्पा उठतील. उठले नाहीत. म्हणाले, “भीतीत.”

आईचे हात थांबले.

“खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या कामगाराचा, तात्यारावांचा मुलगा न्यायाधीश झाला,” ते म्हणाले. “किती जण वाट बघत होते तुला माहीत नाही. एक चूक, एक. बाकीच्यांची मुलं त्याच इमारतीत वकिली करतात, लोक दोन दिवस बोलतात आणि विसरतात. आपलं विसरत नाहीत. म्हणाले असते, बघा, खुर्ची मिळाली आणि पोराचं दुकान लावलं. आणि ते माझ्या एकट्याबद्दल म्हणाले नसते.”

“ही भीती खरी होती?” मी विचारलं.

“खरी होती.”

“दादाला सांगितली होती?”

“नाही. त्याला मी नियम सांगितला.”

मी बसले. पुढे विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आईने निकाल तिथेच दिला. “भीती वाटली म्हणून तुला पाठवलं. चूक झाली. सात शब्द आहेत. चौदा पानं नकोत. आणि पोस्टाने नाही, स्वतः जाऊन.”

“पण विवेचन…”

“विवेचनाची भाजी करते. सरका, कुकर लावायचाय.”

ते हसले, दादा. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा असं मोठ्याने.

आमच्याकडे येणारं उपकरण थोडं चुकीचं असलं तर आम्ही फेकून देत नाही. किती चुकतं आणि कोणत्या दिशेला, हे मोजून दाखल्यावर लिहितो. मग ते उपकरण निर्धास्त वापरता येतं. धोका त्याचा असतो, ज्याची चूक कुणी मोजलेली नाही. हे मी पप्पांना सांगितलं नाही, तुला सांगते.

चोवीस तारखेच्या गाडीचं तिकीट काढलं आहे, पंचविसाला सकाळी पोचतील. एकटे येतील. मी सोबत येऊ का विचारलं तर म्हणाले, “अर्जदाराने स्वतः, असं लिहिलंय.” तू स्टेशनवर आला नाहीस तरी ते पत्ता शोधत येतील. दार मात्र उघडं ठेव, हे आईच्या वतीने.

तुझी,
आम्रपाली

ता. क. – वर्षावास सुरू आहे. आई पावसाळाभर रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला जाते. तिथे तिने हा निकाल सगळ्यांना सांगितला आहे. पप्पांच्या आठ वर्षांतल्या कुठल्याही निकालाची इतकी चर्चा झाली नसेल.


विश्रांतवाडी, पुणे
७ सप्टेंबर २०२५

दादा,

जय भीम. जे झालं ते तुला माहीत आहे. पण इकडे ते कसं पोचलं, ते तुला माहीत नाही.

फोन आईच्या मोबाइलवर आला. आईने स्पीकर लावला आणि जय भीमसुद्धा न म्हणता विचारलं, “म्हणालात का?”

“म्हणालो.”

“किती शब्द?”

“आठ.”

“सात सांगितले होते.”

“आधी ‘प्रज्ञेश’ म्हणालो.”

आई म्हणाली, “चालेल.”

त्यांच्या सांगण्याप्रमाणे तू स्टेशनवर आलास, बॅग घेतलीस, आणि गाडीत अर्धा तास दोघं बेंगळुरूच्या ट्रॅफिकबद्दल बोललात. मग एका सिग्नलला त्यांनी ते म्हटलं. तू समोर बघत होतास. म्हणालास, “भीती होती हे तेव्हा सांगितलं असतंत, तरी मी गेलोच असतो. पण भांडून गेलो नसतो.” मग मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, सिग्नल हिरवा झाला होता.

एवढंच त्यांनी सांगितलं. याहून जास्त झालं असेल तर ते तुमचं.

पण त्यानंतरचं त्यांनी सविस्तर सांगितलं, आणि तीनदा. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ते कोट घालून तयार बसले. तू त्यांच्यापुढे एक जाडजूड फाइल ठेवलीस आणि म्हणालास, “पानांवर आकडे टाका.” म्हणे, ते म्हणाले, “मी?” आणि तू म्हणालास, “शनिवार पेठेत नवा माणूस कशापासून सुरुवात करायचा? नियम तुमचाच आहे. आणि हा खरंच नियम आहे.”

दादा, ज्या माणसाच्या सहीने सरकारं हलली, तो आईला फोनवर सांगत होता, “आज तीनशे पानं झाली. एकही आकडा चुकला नाही.” आई म्हणाली, “आमूच्या वयाची पोरं संगणकावर करतात ते.” तर म्हणाले, “हातानं केलं की प्रकरण वाचून होतं.” मग मला फोनवर बोलावलं आणि हळूच म्हणाले, “एकशे बाराव्या पानावर एक मुद्दा आहे. प्रज्ञेशने तो पाहिलेला नाही. सांगू का? ऑफिसात शेवटचा माणूस मीच आहे.” मी म्हटलं, विचारून सांगा. त्यांनी विचारलं असावं, कारण बुधवारच्या प्रक्षेपणात तू एकशे बारावं पान उघडायला सांगितलंस. मी जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या कॅन्टीनमध्ये बघत होते. दुसऱ्या रांगेत पांढरे बँड लावलेला, सगळ्यात म्हातारा ज्युनिअर बसला होता. माझ्या शेजारच्या श्रद्धाने विचारलं, “कोण गं ते? किती खूश दिसतायत.” मी म्हटलं, नवीन लागलेत.

घर शांत आहे. मंडईबंदी उठवली आहे, पण उपभोग घ्यायला कुणी नाही. आई म्हणते, बरं झालं. आणि दोन माणसांचा भात लावताना तीन माणसांचा लावते. गळतीवाले खालचे गृहस्थ दिलेल्या तारखेला खरंच आले. आता गळत नाही, तरी निर्णय काय झाला विचारत होते.

पप्पा म्हणतात, महिन्यातले पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस इकडे. तू काय म्हणतोस ते अजून कळलेलं नाही. सलोनीवहिनी म्हणाली की तू मुंबईचा विचार करतो आहेस, पण अशिलं तिकडची, भाषा आता तुला येते, आणि आठ वर्षांत उभं केलेलं असं सोडता येत नाही. ते मला समजतं. ही बाजूही बरोबर आहे, तीही बरोबर आहे, असं मी लिहायला घेतलं होतं. ते पान फाडलं.

कारण त्या दिवशी ओट्याशी आईने मला तटस्थ म्हटलं, आणि सगळ्यांनी ते गृहीत धरलं. मीही. गेली आठ वर्षं मी तुझा निरोप पप्पांना आणि त्यांचा तुला देत आले, कमी-जास्त न करता. चांगलं केलं, असं मला वाटायचं. तुझ्या बाजूने उभी राहिले तेव्हा कळलं की पप्पांना प्रश्न विचारताना माझा आवाज कापत होता. आईला तो ऐकू आला, कदाचित म्हणूनही तिने गवार मोडणं थांबवलं असेल.

तू गेलास तेव्हा माझं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं. प्रोजेक्ट पुरा झाला, नंबर आला, सगळे छान म्हणाले. तो कसा चालतो हे मी फक्त तुला समजावून सांगणार होते. तुला कळलं नसतं, तरी. तू स्टेशनला निघालास तेव्हा पप्पा खोलीत होते, आई रडत होती, आणि तू मला म्हणालास, “यांना सांभाळ.” मी हो म्हटलं. मला कोण सांभाळणार, असं विचारायचं होतं. वेळ नव्हता, आणि ते माझ्या स्वभावात नव्हतं. अजूनही नाही, म्हणून हे पान चौथ्यांदा लिहिते आहे.

मे महिन्यात मला लॅबची तांत्रिक प्रमुख केलं. आईला सांगितलं, पप्पांना सांगितलं. तुला सांगितलं नाही, कारण तू ‘अभिनंदन’ एवढंच लिहिलं असतंस आणि ते मला पुरलं नसतं.

तू मुंबईला ये किंवा बेंगळुरूला राहा. ते तू ठरव, त्यात माझं मत नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत कोर्ट बंद असतं. तेव्हा ये. पप्पा इकडे असताना ये, आई वाट बघते म्हणून नाही, पप्पांचं वय झालं म्हणून नाही. मी तुला लॅब दाखवीन. दोन तास लागतील आणि तुला कंटाळा येईल. तरी ये.

मला माझा भाऊ हवा आहे. हा अर्ज कुणाच्याही वतीने नाही.

आमू